चालीचं माहेर

गाणं कोणतंही असो, सुदाम मास्तर आधी डोळे मिटायचे आणि विचारायचे, "हे कोठून आलं बे?" चालीचं माहेर सापडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. देऊळघाटला त्यांची गायन पार्टी होती, मी तिचा ढोलकीवाला. सिनेमाच्या चालींवर बुद्ध-भीमाची गाणी बांधायची त्यांची हातोटी, त्यामुळे गावात नाव पडलं 'चालचोर'. मास्तर हसून म्हणत, "चाल कोनाच्या बापाची नसते. शब्द आपले पाह्यजे."

गावातली मंडळी थायलंडला बौद्ध यात्रेला गेली, तिथून बाकीच्यांनी मूर्ती आणल्या, मास्तरांनी थाई गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह. विहाराच्या ओट्यावर बसून मला ऐकवायचे. "हे गिटार अमेरिकेचं. हा नाचाचा ठेका कोरियाचा. अन् ही मुरकी ऐक, जुन्या हिंदी पिक्चरची! तरी गानं त्यायचंच वाटते का नाही? मंग मलेच काऊन चोर म्हनतात?"

एक चाल मात्र त्यांची स्वतःची होती, नव्या विहाराच्या उद्घाटनासाठी बांधलेली. तिच्यावर त्यांचा भारी जीव. उद्घाटनाला आलेल्या थाई पाहुण्यांसोबत नोई नावाची दुभाषी मुलगी होती. तिनं ती चाल फोनवर रेकॉर्ड केली. वर्षभरानं तिनं मला कौतुकानं एक व्हिडिओ धाडला. तिच्या भावाचा बँड, थाई शब्द, आणि चाल आमच्या मास्तरांची!

माझं डोकंच फिरलं. तडक मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, हे तर सरळ चोरी होय. तक्रार करू."

त्यांनी तीनदा ऐकलं. त्यांना लागलं होतं, चेहऱ्यावरून ते लपत नव्हतं.

"माहं नाव नाही कोठी?"

"नाही."

मास्तरांनी पेटी पुढे ओढली. "शब्द त्यायचे हायत ना? मंग गानं त्यायचं. पन कडव्याआधी गिटारचा तो तुकडा ऐकला का? मले नव्हता सुचला. तो आपून घेऊ."

बुद्धपौर्णिमेला त्यांनी आपलं गाणं त्या तुकड्यासकट म्हटलं. ती त्यांची शेवटची पौर्णिमा, हे तेव्हा कोणाला ठाऊक! थाई व्हिडिओ तोवर पंचक्रोशीतल्या फोनांवर फिरला होता. शेजारच्या गावचा एकजण गर्दीतून ओरडला, "मास्तर, थायलंडची चाल चोरली!"

माझा हात ढोलकीवर अडखळला. मास्तरांचा पेटीवर नाही. माइकमध्ये तोंड घालून ते म्हणाले, "हाव, चोरली. पन माहीच होती!"