जंतूंची उसनवारी

किल्लीकाकांनी आयुष्यात दोन गोष्टी कुणालाही दिल्या नाहीत: आपला स्क्रू-ड्रायव्हर आणि कुलूप उघडायची आपली युक्ती. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की ते गिऱ्हाइकाकडे पाठ करत, वाकडी तार आत सरकवत, उजव्या हाताच्या तर्जनीनं काहीतरी चाळा करत आणि कुलूप मुकाट्यानं उघडे. सख्ख्या मुलीनं मान उंचावली तरी म्हणत, "सरक, उजेड अडतोय." दुपारी जेवण झालं की दुकानातच खुर्चीत लवंडत आणि झोपेत बडबडत. बडबडतो हे अर्थात त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

औषधांच्या बाबतीत मात्र हात भलताच सैल. नाक गळलं की अँटिबायोटिकची गोळी, बरं वाटलं की बंद, उरलेल्या पुढच्या शिंकेसाठी खणात. काकू सांगून सांगून थकल्या.

मग एकदा कानस घसरली आणि नेमक्या त्याच बोटाला लागली. बोट टम्म फुगलं, एकामागून एक औषधांनी हात टेकले आणि काकांची रवानगी इस्पितळात झाली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"काका, हे असंच वर चढलं तर बोट काढावं लागेल."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बोट गेलं म्हणजे युक्ती गेली, आणि युक्तीवाचून आपल्याला विचारणार कोण?

"हा जंतू एवढा बेरड झालाच कसा?"

"तुमच्याच कृपेनं. सर्दीवर खाल्लेल्या गोळ्यांनी तुमच्या पोटातले बरेच साधे जंतू मेले. जे तगले त्यांच्याकडे औषधाला पुरून उरणारं जनुक होतं. हात न धुता जखम चाचपलीत, तिथे भेट झाली. त्यांनी बहुधा त्या जनुकाची नक्कल या जंतूला दिली."

"म्हणजे ही त्यांचीच पिल्लं?"

"छे हो, जातच वेगळी! पण एकमेकांना चिकटतात आणि नक्कल सरकवतात. आपला-परका बघत नाहीत."

"फुकट?" काका ताडकन उठून बसले. "काही लाजलज्जा? कमावलेली विद्या कुणाही सोम्यागोम्याला?" बोट जायचं भय घटकाभर बाजूला राहिलं, इतकं ते त्यांना लागलं.

एक इंजेक्शन अजून लागू पडणार होतं. ते वॉर्डातल्या कपाटात होतं आणि कपाटाचं कुलूप हटून बसलं होतं. किल्ली फिरेना. सुतार म्हणाला, उद्या येतो. कुलूप काकांच्याच दुकानातलं, "माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही" असं छातीठोक सांगून विकलेलं.

बँडेजमधल्या बोटानं तार धरवेना. उशाशी मुलगी उभी होती. काकांनी तार तिच्या हाती दिली आणि डोळे घट्ट मिटले.

"ऐक. आधी वर नाही, खाली दाबायची. मग हलकेच..."

सांगून झालं, डोळे उघडले, तर मुलगी कपाटाशी आणि कपाट सताड उघडं.

"तुला कुणी शिकवलं?"

"छत्रीवाल्या मामांनी."

"त्याला कुठून आलं?"

"शिंपीणमावशींकडून. त्यांना आईनं सांगितलं. आणि आईला तुम्हीच सांगता बाबा, रोज दुपारी, खुर्चीत."

नर्सनं सुई टोचली तरी काकांना भान नव्हतं. "म्हणजे अख्ख्या गल्लीला येतं?"

"येतं."

"मग लोक कुलपं माझ्याकडे कशाला आणतात?"

मुलीनं तार पुसून पिशवीत ठेवली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बोट वाचलं, जरासं ताठ राहिलं. या खेपेला औषध त्यांनी शेवटच्या इंजेक्शनपर्यंत घेतलं. दुकान उघडलं त्या दिवशी पहिल्या आल्या शिंपीणमावशी, हातात कुलूप. "किल्ली हरवली हो," म्हणाल्या, चेहरा अगदी साळसूद.

काकांनी तार काढली. पाठ मात्र केली नाही.