आत्याने बाग आवरली

आमच्या आत्याला पसारा म्हणून बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी बसायच्या आधी उशी झटकते. तिचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "मी कप खाली ठेवतो न ठेवतो तोच ही विसळून मोकळी."

तर अशा बाईच्या संत्र्याच्या बागेत वादळ शिरलं. निम्म्याहून जास्त झाडं मुळासकट आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कोयता घेऊन निघाली होती, तिला मी बांधावर अडवलं.

"आत्या, हात लावायचा नाही. पंचनामा व्हायचाय. साहेबांना पडलेली झाडं दिसली, तरच सरकारी मदत मिळते."

आमचे मोबाइलमधले फोटो चालत नव्हते. साहेब स्वतः येऊन काढणार तेच खरे.

मदत आली तर नवी रोपं लागणार होती. नाही आली तर बाग शेजाऱ्याला कसायला द्यायची आणि आत्याने शहरात मुलाकडे जायचं, असं मुलाने फोनवर ठरवूनच टाकलं होतं.

"तिथे बंद घरात मी दिवसभर करू काय? भिंती पुसू?" आत्या मला म्हणाली. तिला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. साहेब आज येणार, उद्या येणार. झाडं वाळली, पानं उडून ओट्यावर यायला लागली. आत्या जेवताना खिडकीकडे पाठ करून बसायची. तिचे हात शिवशिवायचे. मी रोज जाऊन समजूत घालायचो, आणि खरं सांगतो, मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. तिचा, साहेबांचा, त्या झाडांचासुद्धा.

शेवटी निरोप आला, साहेब सोमवारी येणार. मला हायसं वाटलं. मधल्या दिवसांत लेकीकडे जाऊन आलो आणि सोमवारी साहेबांच्या गाडीतूनच बागेत उतरलो.

बाग लख्ख होती. फांद्यांच्या मोळ्या बांधलेल्या, खोडं एकावर एक रचलेली, खड्डे बुजवून वर पाणी मारलेलं. आत्या पाहुण्यांसाठी खुर्ची पुसत होती.

मी कपाळावर हात मारला. "अगं, हे काय करून बसलीस?"

"अरे, परका माणूस दारात यायचा. लाकूडतोड्याला बोलावलं, दोघांनी मिळून उरकलं. तसल्या पसाऱ्यात कुणाला बसवायचं?"

जित्याची खोड, दुसरं काय. मला राग असा आला होता की काही विचारू नका. पण तिच्या तळहातावरचे फोड दिसले आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन खुर्ची मीच पुसली.

साहेब वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, बुटांवर कुठल्या कुठल्या गावांची माती. रचलेल्या खोडांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"याच बागेतली आहेत हो," मी म्हणालो.

"असतील. पण फोटोत पडलेलं झाड लागतं. लाकडं काय, कुठूनही आणता येतात, असं वरचे म्हणतात."

त्याने उभ्या झाडांचे फोटो काढले, चहा घेतला. जाताना म्हणाला, "बाग मात्र छान ठेवलीत, आजी." आत्याला बरं वाटलं. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

पुढे मुलगा न्यायला आला. सामान गाडीत चढलं, तरी ही ओटा झाडतच होती. मग थांबली.

"मी आवरायला नको होतं का रे?"

"नाही गं आत्या. चांगलंच केलंस."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि झाडू माझ्या हातात दिला.

"मग हा तूच ठेव. पानं अजून येतायत."