डब्यावरचं नाव

मुलीला लातूरला नीटच्या क्लासला सोडायच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. स्टीलचा नवा डबा घेतला आणि दुकानातच त्यावर नाव घालून घेतलं : ‘डॉ. स्नेहल’. परीक्षा दोन वर्षं लांब होती. बाप मात्र आमचं अर्धापूर सोडायच्या आधीच पास झाला होता.

क्लासच्या मागच्या गल्लीत डबेवाल्या काकू पन्नास-साठ पोरापोरींचे डबे करायच्या. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. “भाऊ, हे काय करून ठेवलं?”

“पुढं लागणारच की, काकू.”

“लागंल तवा लागंल. लेकरानं रोज हे वाचून जेवायचं व्हय?” त्यांनी ‘डॉ.’वर चिकटपट्टी दाबून बसवली.

भरलेल्या डब्यापेक्षा परत आलेला डबा काकू जास्त निरखायच्या. संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक झाकण उघडायच्या. “भाजी उरली तर माझं चुकलं. पोळी उरली तर लेकराचं काईतरी बिनसलंय.” मला वाटायचं, बाईंना दुसरा विरंगुळा नसेल.

त्यांच्या फळीवर एक डबा कायम पालथा असायचा. लख्ख घासलेला, त्यावरही ‘डॉ.’ कोरलेलं. कुणाचा, म्हणून विचारलं.

“होता एका पोराचा. आठ दिस पोळ्या तशाच परत आल्या. मला वाटलं, भाईर खाऊन राहिला असंल.” त्यांनी तो डबा पदराने पुसून पुन्हा पालथा ठेवला. मी पुढचं विचारलं नाही. एसटीची वेळ झालीय, असं स्वतःला सांगून निघालो.

दुसऱ्या वर्षी काकूंचा फोन आला. “भाऊ, चार दिस झाले, स्नेहलच्या पोळ्या परत येऊन राहिल्यात. या.”

“काकू, तिच्या टेस्ट चालू आहेत. रविवारी येतो ना...”

“रविवार कुणी बघितलाय? आत्ता निघा.”

आम्ही नवराबायको पोचलो, तर काकू स्नेहलच्या खोलीत, तिच्या कॉटवर मांडी घालून बसलेल्या. त्या दिवशी गल्लीत कुणाचाच डबा गेला नव्हता. दाराची आतली कडी स्क्रूसकट काढून त्यांनी पदराच्या गाठीत बांधली होती. ती गाठ बघून मला फळीवरचा पालथा डबा आठवला.

“तिला काय पायजे, ते इचारा आता,” काकू म्हणाल्या. दोन वर्षांत तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

“घरी जायचंय,” स्नेहल म्हणाली.

डॉक्टरांना दाखवलं. पुस्तकं मी माळ्यावर टाकली. सहा महिन्यांनी तिनेच ती खाली काढली. “परीक्षा देते. पण पप्पा, तुम्ही मार्क विचारायचे नाहीत.” नांदेडच्या मेडिकलला नंबर लागला, तेव्हा पेढे घेऊन लातूर गाठलं. काकूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, उन्हाळ्यातच वारल्या.

स्नेहल आता घरूनच कॉलेजला जाते, तोच डबा घेऊन. काल संध्याकाळी तो मोरीजवळ दिसला आणि मला पुन्हा शहाणपण सुचलं. नखाने चिकटपट्टी खरवडायला लागलो. आता कुणाची भीती?

बायकोने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून समोर धरला.

“दोन दिवस झाले, पोळ्या तशाच येतायत,” ती म्हणाली. “नाव राहू द्या. जा, आधी तिच्याजवळ जाऊन बसा.”