आम्रपाली सागवनात परतली

आम्रपाली मेश्राम मूळची गोंदियाची. अकोल्याला वनशास्त्र शिकून ती पुण्यात एका लहानशा कंपनीत लागली. सागाची लागवड असलेल्यांना ही कंपनी सल्ला द्यायची, कोणती झाडं केव्हा तोडावीत आणि कोणती राखावीत याचा. त्यासाठी झाडांची मापं संगणकात घालून पुढच्या वीस-तीस वर्षांची वाढ काढली जाई. मापं आणायची आम्रपाली. दिवसभर टेप घेऊन झाडांना कवेत घेत हिंडायचं, हे काम तिला मनापासून आवडायचं.

मग एकदा भोरच्या रस्त्यावर जीप उलटली. मणक्याला मार बसला, पाय गेले.

कंपनी चालवणाऱ्या जयाताई तिच्या विश्रांतवाडीच्या घरी आल्या. म्हणाल्या, "संगणकावर बस. मी शिकवते."

"झाडं सोडून ठिपके मोजू?"

"घरात पडून छत मोजण्यापेक्षा बरं."

आम्रपालीला राग आला. तरी सोमवारी ती गेली. पडद्यावर एकेक झाड म्हणजे हिरवं वर्तुळ. दाटी झाली की वर्तुळं एकमेकांचा उजेड खायची. मधली दुबळी काढून टाकली की उरलेली भराभर फुगायची. दोन वर्षांत ती यात मुरली.

भोरजवळच्या यमुनाबाई कदमांना आपला सगळा साग एकदम तोडायचा होता. आम्रपालीच्या हिशेबाने आत्ता फक्त विरळणी करून बाकीची झाडं बारा वर्षं राखायला हवी होती.

"बारा वर्षांनी पैसे द्यायला कुठं येणार, वैकुंठात?" यमुनाबाई म्हणाल्या. "आणि तू पाहिलीस का गं माझी झाडं?"

"नाही," आम्रपाली म्हणाली, आणि पाठोपाठ तिच्या तोंडून निघून गेलं, "पण येते पाहायला."

जीप त्याच रस्त्याला लागली तेव्हा तिने दाराची कडी घट्ट धरली. गाडी चालवणाऱ्या सलिलने विचारलं, "थांबवू?" आता मापं घेण्याचं काम त्याच्याकडे होतं.

"थांबवलीस तर मी पुढे येणारच नाही. चल."

सलिलने आणि एका गड्याने तिची चाकांची खुर्ची उचलून तिला सागात नेलं. तिने बसल्या बसल्या एका खोडाला टेप लावला.

"अगं, छातीच्या उंचीवर लावायचा," सलिल म्हणाला.

"माझी छाती आता इथेच आहे," ती म्हणाली, आणि दोघं हसत सुटले.

वर उतारावर मात्र तिचं हसू मावळलं. झाडं हिशेबापेक्षा बरीच बारीक होती. सलिलने मापं खालच्या सपाटीवरचीच आणली होती, आणि सगळी माती सारखीच आहे असं तिने धरलं होतं.

"उतारावर आमचं चुकलं," तिने यमुनाबाईंना सरळ सांगितलं. "ती झाडं राखून फायदा नाही, काढा. खालची तेवढी राखा."

भांडायच्या तयारीने आलेल्या यमुनाबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. "बरं," त्या म्हणाल्या, "खालच्या झाडांचं नातवंडं बघतील. चहा घेणार का?"

जमिनीचा उतार आणि मातीची खोली हिशेबात बसवायला आम्रपालीला पुढचे दोन महिने लागले. आता दर वर्षी पाऊस सरला की सलिलबरोबर तीही मापांना जाते.

उतारावरची तोड झाली त्या दिवशी मात्र ती गेली नाही. जयाताईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, "तोडा म्हणून सांगितलं मीच. पण बघवणार नाही."