कोम फकीर

आमचे आबा गवळ्याला दुधात पाणी आहे का, असं कधी विचारत नसत. किती आहे, एवढंच विचारत.

महिपतराव धुमाळ हे त्यांचं नाव. ग्वाल्हेरला लष्कर भागात, टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि आबांची नोकरी एका जुन्या दफ्तरात कागदांच्या नकला करून देण्याची. न्हावी दाढी करत असताना ते डोळे मिटत नसत. पोस्टमनने पाकीट दिलं की नावाच्या आधी डिंक बघत. एकदा आईची नथ सांधायला सराफ्यात दिली, तर सोनाराच्या पुढ्यात तीन तास बसून राहिले, आणि घरी येऊन आईलाच म्हणाले, "नीट बघ, हीच आहे ना?" मला त्यांनी मोडी वाचायला शिकवलं, त्याचं मला फार कौतुक वाटायचं. पुढे कारण कळलं. सासरचे लोक कशावर अंगठा उठवून घेतील याचा भरवसा नाही, म्हणून ती विद्या होती.

अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी हसण्यावारी नेली याची मला आज लाज वाटते. त्यांना आपलं सुतक धरणारं कोणीतरी हवं होतं.

मी वर्षाची असताना मानमोडीची साथ आली. थोरले काका, काकू आणि त्यांची दोन्ही मुलं आठ दिवसांत गेली. मागे राहिलो आम्ही तिघं. आबांना मुलगा नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाणार, म्हणजे माझं सुतक तीन दिवसांचं. जेवताना मधेच घास थांबवून ते बोटं मोजत. "माझ्यामागे दहा दिवस धरणारं कोण? तुझी आई. बस, खतम." मग उरलेला भात तसाच टाकून उठत. आई म्हणायची, "भरल्या ताटावर कसलं हे बोलणं!" पण आबांना ते खरंच टोचत होतं. ज्याच्या मरणाचा विटाळ चार घरांना लागत नाही, तो माणूस जगला होता तरी कुठे, असं ते म्हणत.

भाऊबंद मुळात नव्हते असं नाही, हरवले होते. आबांचे पणजोबा तुकोजी फौजेबरोबर दक्षिणेतून आले. गडाखालच्या माळावर फौजेचा तळ पडला, त्या तळाचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. त्या माळावरच्या पहिल्या तंबूची मेख आमच्या तुकोजींनी ठोकली, असं आमच्या घरात सांगत. इतर दहा घरांतही असंच सांगतात, हे आबाच मला खालच्या आवाजात सांगायचे. तुकोजी परत गेले नाहीत. त्यांचं गाव, त्यांचे भाऊ, सगळं मागे राहिलं आणि तिसऱ्या पिढीत गावाचं नावही कुणाला आठवेना.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात आबांनी वरिष्ठांची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी फौजेच्या जुन्या हजेऱ्यांचे गठ्ठे सोडायला सुरुवात केली. त्यांच्या रोजच्या कामातले कागद अलीकडचे असत. त्यांत माणसाची ओळख ठरल्या रीतीने लिहिलेली असे: वल्द अमुक, कौम मरहठा, साकिन लश्कर. बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण. दक्षिणेतून आलेले शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, रुमालात बांधलेले हे गठ्ठे मात्र त्यांनी कधी उघडले नव्हते.

त्यांची वाचायची एक रीत होती. एका पुठ्ठ्याला त्यांनी ओळीएवढी फट कापली होती. तो पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि फटीतून दिसेल तेवढीच ओळ वाचायची. "शेजारची ओळ डोळ्यांना फितवते," असं त्यांचं म्हणणं. शिवाय मागे उभा असलेला माणूस सगळा कागद वाचू शकत नाही, हाही फायदा.

जूनमध्ये पहिली ओळ सापडली: तुकोजी धुमाळ, मौजे पिंपरी. आबा घरी आले ते पेढे घेऊन. पिंपऱ्या दक्षिणेत ढीगभर. त्यांनी चौदा पिंपऱ्यांच्या पाटलांना चौदा कार्डं लिहिली की तुमच्या गावातून धुमाळांचा कोणी तुकोजी उत्तरेला गेल्याचं ऐकिवात आहे काय. बाकी काही सांगितलं नाही. "सगळं आपणच लिहिलं, तर कोणीही उठेल आणि तेच आपल्याला ऐकवेल," ते म्हणाले. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आबा दफ्तरातून आले आणि तडक माडीवर गेले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुकोजींचं नाव घरात बंद झालं. आईने विचारलं, "काही सापडलं का?" तर वसकन अंगावर आले, "तुला काय करायचंय? तुझ्या पोटात राहील का काही?"

काय सापडलं होतं ते मला फार पुढे कळलं. हजेरीत शिपायांच्या घरच्या माणसांचीही नोंद होती. फटीत दिसलेली ओळ अशी: तुकोजीची आई सगुणा कोम फकीर. पुढे वाळवीचं भोक. जुन्या लेखकांच्या हातून एखादी मात्रा इकडेतिकडे व्हायचीच. आबांनी कोमचं कौम केलं, रोज वाचत होते तसं. सगुणा, जात फकीर. म्हणजे पणजोबांची आई फकिराच्या जातीची, धुमाळ हे नाव मागाहून चिकटवलेलं, आणि ज्या भाऊबंदांना ते शोधत होते ते कुठल्याही पिंपरीत नव्हतेच. दारावर फकीर आला की हेच आबा हात जोडून पीठ घालत. पण तो आपल्याच घरातून निघाला म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. ज्या घराण्याची खात्री नाही, त्याचं सुतक कोण कोणाचं धरणार?

आता त्यांना साऱ्या लष्कराचा संशय येऊ लागला. दफ्तरात दोघं हसले की यांना तो कागद आठवे. शेजारच्या चाचींनी मला, "बिटिया, तुम्हारा गाँव मिला क्या?" असं सहज विचारलं, तर आबांनी मला आठ दिवस त्यांच्याकडे जाऊ दिलं नाही.

अशातच नवरात्राच्या आधी, भर दुपारी, आमच्या ओट्यावर एक म्हातारा येऊन बसला. डोक्याला दक्षिणी पागोटं, अंगावर आगगाडीची काजळी, काखेत गाठोडं. रविवार असल्याने आबा घरीच होते.

"म्हयपतराव धुमाळ हितंच ऱ्हात्यात नव्हं?" म्हातारा म्हणाला. "मी पांडुरंगराव धुमाळ, पिंपरीचा. तुमचं कारड पाटलाकडं आलं हुतं. मला काय लिवाया येत न्हाय, मग म्हटलं जाऊनच यावं."

आबांनी त्यांना आत बोलावलं नाही. दाराच्या चौकटीत उभे राहूनच उलटतपासणी सुरू केली. कार्ड कोणत्या महिन्यात आलं? वाचून कोणी दाखवलं? इथलं घर कोणी दाखवलं? म्हातारा न चिडता एकेक सांगत होता. शेवटी आबांनी विचारलं, "तुकोजीच्या घरचं काय माहीत आहे?"

"तुकोजी थोरला. धाकट्याच्या वंशातले आमी," पांडुरंगराव म्हणाले. "त्येंची आई सगुणा. आन् बाप आमचा मूळ पुरुष, फकीर..."

आबांनी त्यांना पुढे बोलू दिलंच नाही. जो शब्द त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता, तो एक परका माणूस त्यांच्या दारात बसून बोलत होता. दुसऱ्या कोणाला यात खूण पटली असती. आबांना कट दिसला. रागावले की ते हिंदीत जात. "ये नाम आपको किसने बताया? दफ्तरातल्या कोणी पाठवलं? मला हसायला आलात? चला, उठा! निकलो यहाँ से!"

आईने आतून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला, तो पांडुरंगरावांनी ओट्यावरच खाल्ला. गाठोड्यातून घडी घातलेला एक कागद काढून आबांपुढे धरला. आबांनी हात मागे घेतला. मग म्हाताऱ्याने तो आईजवळ दिला. "वैनी, हे ऱ्हाऊ द्या. भावाचा राग हाय, उतरंल." आणि ते उन्हातून स्टेशनच्या वाटेला लागले. मी दारात उभी होते आणि एक शब्दही बोलले नाही, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आईने तो कागद डाळीच्या डब्याखाली सारला. दिवाळीच्या आवराआवरीत तो माझ्या हाती लागला. पिंपरीच्या कुलकर्ण्याने मोडीत लिहून दिलेली धुमाळांच्या घरातल्या माणसांची यादी होती, खाली गावाचा पत्ता. मी मोठ्याने वाचू लागले. सगुणा कोम फकीरजी. राधा कोम जानोजी. येसू कोम संभाजी. चिमा कोम निंबाजी.

"आई, ही जानोजी कसली गं जात?" मी विचारलं. "आणि निंबाजी? एका घरात इतक्या कौमा कशा?"

आई चिवडा भाजत होती. ती वाईची, लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेली. झारा तसाच धरून ती हसायला लागली. "अगं, कौम नव्हे, कोम! कोम म्हणजे बायको. राधा, जानोजीची बायको. पुरुषाला बिन लिहितात, बाईला कोम. माझ्या आईचं नाव आमच्या शेताच्या कागदावर असंच आहे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"आणि फकीरजी?"

"पिराला नवस करून झालेला मुलगा असेल. आमच्या आळीतच तीन फकीरजी होते."

आबा दाराशी उभे होते. कधी आले होते कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, पागोटं चढवलं आणि तसेच बाहेर पडले. दफ्तर सुट्टीमुळे बंद होतं, तरी पहारेकऱ्याला विनवून उघडायला लावलं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. तो रुमाल सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुठ्ठ्याशिवाय वाचला. सगुणेच्या वरच्या ओळीत एक कोम राघोजी होती, खालच्या ओळीत कोम मालोजी. साऱ्या पानभर बायकाच बायका, आपापल्या नवऱ्यांची नावं घेऊन बसलेल्या. फकीरच्या पुढचा जी वाळवीने खाल्ला होता.

घरी आल्यावर ते आईसमोर बसले. आई म्हणाली, "एका शब्दाने मला विचारलं असतं तर?"

"विचारायला हवं होतं," आबा म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विजया, त्यांना आपण चूळ भरायलासुद्धा आत घेतलं नाही." आणि माझे आबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागले.

त्याच दिवशी त्यांनी पिंपरीला कार्ड टाकलं. माझी चूक झाली. पोटात घालावी. नाताळच्या सुट्टीत मी स्वतः पाया पडायला येतो. पेटीत टाकण्याआधी ते मला वाचून दाखवलं, हाही नवाच प्रकार होता.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. पोस्टमन आला तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. या वेळी त्यांनी आधी मजकूर बघितला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. अक्षर कुलकर्ण्याचं, मजकूर पांडुरंगरावांच्या मुलाचा. मुलाचं नाव तुकोजी. हरवलेल्या थोरल्याचं नाव त्या घरात दर दुसऱ्या पिढीला ठेवत आले होते.

मी वाचलं: तीर्थरूप वडील कार्तिक शुद्ध पंचमीस देवाघरी गेले. आपले कार्ड आदल्या दिवशी पोचले होते, त्यांस वाचून दाखविले. ग्वाल्हेरीहून आल्यापासून सर्वांस सांगत की भाऊ सापडला, फक्त त्याला अजून पटलेले नाही. कार्ड ऐकून म्हणाले, पटले बघा. येथे अकरा घरे सुतकात आहोत. आपणांसही सुतक येते, सबब कळविले आहे.

शेवटची ओळ आबांनी मला पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा एकदा. मग उठले, विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

मरणाची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. आबांनी ते फाडलं नाही. आमचे भटजी श्रीपादशास्त्री आले, त्यांनी तिथी मोजून सांगितलं, "बातमी पाचव्या दिवशी कळली. उरलेले पाच दिवस धरा, की शुद्ध झालात."

"दहा धरीन," आबा म्हणाले.

"शास्त्रात तसं नाही, महिपतराव."

"मी त्यांना दारातून घालवलं, ते तरी कुठे शास्त्रात आहे?"

दहा दिवस आबा ओसरीवर घोंगडीवर झोपले. न्हाव्याला परत पाठवलं. देवाला शिवले नाहीत. गवळ्याने दूध घातलं तेव्हा त्याला काही विचारलं नाही, तर तो बिचारा घाबरून दोनदा मागे वळून बघत गेला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या चाची दारातून डोकावल्या. वाढलेली दाढी आणि घोंगडी बघून चपापल्या. "हाय राम, कौन गुज़र गया, भैयाजी? आपका तो कोई था ही नहीं ना?"

एरवी असल्या प्रश्नावर आबांनी उलट दहा प्रश्न केले असते. ते सावरून ताठ बसले.

"भाई थे हमारे," ते म्हणाले. "पिंपरीवाले. ग्यारह घर हैं वहाँ हमारे. सब सूतक में हैं."