न सांगता केकाटणारं यंत्र

भोंगामामांचं त्या यंत्राशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. डेपोने प्रत्येक बसमध्ये स्टिअरिंगच्या वर एक छोटा कॅमेरा बसवला होता. ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून हटली की त्याने बोंब मारायची आणि त्या बोंबेची खबर परस्पर साहेबांना पोचवायची. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा येऊ न दिलेल्या माणसाच्या डोक्यावर हा चोंबडा पहारेकरी!

"सासूसुद्धा आधी घसा खाकरते," मामा घरी तणतणले. "हे बेणं एकदम केकाटतं!"

आतून बायको काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती दारात येऊन उभी राहिली. "जेवायला चला म्हटलं. तिसऱ्यांदा."

मामांचा आवाज असा की स्टँडच्या दुसऱ्या टोकाला माणूस दचकावा. म्हणून तर भोंगा. कंडक्टर मागून काही बोलला की ते अख्खी मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघत. माणसाशी बोलताना माणसाकडे बघावं, एवढी रीत आपल्याला आहे, असं वर ठणकावून सांगत. तेवढ्यात यंत्र बोंबलायचं, झोपलेली पोरं रडायला लागायची आणि कंडक्टर कपाळाला हात लावायचा. आता या माणसाला सांगावं तरी काय?

शेवटी साहेबांनी बोलावलं. तक्रारी फार झाल्या. असंच चाललं तर स्टिअरिंग काढून घेऊ, फाटकावर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहा, म्हणाले. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी चालवण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

"यंत्रच बिघडलंय!" ते गरजले. "बाकीच्यांचं आधी हळू वाजतं, मग ओरडतं. माझं आधी वाजतच नाही. सगळ्यांसमोर तपासा!"

दुपारी शेडमध्ये तपासणी झाली. फोरमनने यंत्र चाचणीवर लावलं. इंजिन बंद होतं. मामा ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. साहेब पायरीवर उभे राहिले, कंडक्टर मागे.

"आता नजर हटवा," फोरमन म्हणाला.

मामांनी मान वळवून कंडक्टरकडे पाहिलं. यंत्रातून बारीक, स्वच्छ टुणटुण सुरू झाली. शेडच्या कोपऱ्यात झाडू मारणाऱ्या बाईनेसुद्धा वर पाहिलं.

"बघा!" मामांनी विजयाने हात उडवला. "काही आवाज आहे? मुकाट बसलंय की नाही? आता बघा, एकदम बोंबलेल!"

टुणटुण चालूच होती. साहेबांनी फोरमनकडे पाहिलं, फोरमनने खाली. रोज मामांशी कचाकचा भांडणाऱ्या कंडक्टरला कुठे बघावं कळेना.

मग यंत्र केकाटलं. या वेळी मामांनी त्याला शिवी दिली नाही. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आधी वाजलं होतं?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

कंडक्टरने होकारार्थी मान हलवली.

मामा पुढे वळले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि बंद गाडीत समोर बघत बसून राहिले. त्यांना खाली उतरा म्हणायला कुणीच पुढे होईना.