नाण्यावरचे दात

टांकसाळीत तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. गळ्यात काळ्या दोरीने भिंग अडकवलेलं असायचं, आणि ते जेवतानाही उतरायचं नाही. चौतीस वर्षं ती कोरणी विभागात होती. नाण्यावरचा चेहरा आधी ताटाएवढ्या प्लास्टरच्या चकतीवर कोरायचा. मग यंत्र तो लहान करत करत पोलादाच्या ठशावर उतरवतं. ती चकती करायचं काम भिंगबाईचं. तिने राजकारणी केले होते, शास्त्रज्ञ केले होते, एक गवईही केला होता. सगळ्यांची तोंडं मिटलेली. नाण्यावर कोणी हसत नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना आत्याचं काम आलं.

आत्या म्हणजे धुलाई कारखान्यांतल्या बायकांची पुढारी. बारा-बारा तास वाफेत उभ्या राहणाऱ्या बायकांना बसायला स्टूल आणि वापरायला संडास मिळावा म्हणून ती आयुष्यभर भांडली. अख्खी कामगार वस्ती तिला आत्या म्हणायची, अगदी तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा. तिला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली तेव्हा ती भर कोर्टात खदखदून हसली होती. ‘‘एवढीच? आमच्या धुलाईत बाई आत गेली की जन्मठेप असते!’’ आता तिच्या जन्माला शंभर वर्षं होणार होती. जे सरकार तिच्या हयातीत तिला दारातही उभं करत नव्हतं, त्याच सरकारला तिचं नाणं काढायचं होतं.

भिंगबाईने ग्रंथालयातून तिचे फोटो मागवले. एकोणीस फोटो, आणि एकोणीसही फोटोंत आत्या हसतेय. मोर्चात हसतेय, भिंतीवर चढून हसतेय, एका ठिकाणी तर पोलिसाच्या खांद्यावर हात टाकून हसतेय. वरचा पुढचा एक दात नव्हता, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नव्हती.

मग भिंगबाईने हसणारी आत्याच कोरायला घेतली. दात कोरणं महाकठीण. जरा खोल गेलं की मक्याचं कणीस, उथळ राहिलं की बाजारातली कवळी. सहा महिन्यांत तीन चकत्या वाया गेल्या. चौथीवर आत्या हसली. भिंगबाई हात धुवायचे विसरून बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली.

नाणे समितीचे सचिव बघायला आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल.

‘‘काम छान आहे, पण तोंड मिटवा.’’

‘‘का?’’

‘‘नाण्याला गांभीर्य हवं, बाई. आणि तो दात... लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक म्हणतील, आत्या आहे.’’

सचिवांनी टांकसाळीच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीकडे. शेवटी सचिवांनी फाईलमधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. ‘‘हा घ्या. आम्ही मुद्दाम शोधलाय. यात त्या व्यवस्थित दिसतात.’’

फोटोत आत्या सरळ समोर बघत होती. ओठ गच्च मिटलेले, केस चापून बसवलेले. हीच बाई, पण दिवा विझवून ठेवावा तशी. भिंगबाईने सवयीने भिंग लावलं. छातीशी फोटो कापलेला होता, आणि कापलेल्या कडेला पाटीचा एक कोपरा राहून गेला होता. त्यावर खडूने लिहिलेल्या आकड्यांचे वरचे अर्धे भाग.

तिने आत्याच्या धाकट्या बहिणीचा पत्ता मिळवला आणि रविवारी फोटो घेऊन तिच्या घरी गेली. बहीण आता ऐंशी ओलांडलेली. तिने फोटो नाकाजवळ धरला आणि लगेच दूर केला.

‘‘हा तुरुंगातला. पहिल्या दिवसाचा. हसू नकोस म्हणून दोघी पहारेकरणींनी तिची मान धरून ठेवली होती. सुटून आल्यावर नक्कल करून दाखवायची आम्हाला.’’ मग बहिणीने विचारलं, ‘‘हा लावणार आहात नाण्यावर?’’

‘‘मी असेपर्यंत नाही,’’ भिंगबाई म्हणाली.

पण सोमवारी तिने साहेबांना सांगितलं, की सचिवांच्या फोटोवरून दुसरा नमुना करते, दोन आठवडे द्या. साहेबांच्या जिवात जीव आला.

दोन आठवड्यांनी समिती जमली. सहा माणसं, सहा कप चहा. भिंगबाईने दोन चकत्या मांडून वरची फडकी काढली. पहिलीत आत्या हसत होती. दुसरीत आत्याचं तोंड मिटलेलं होतं, हुबेहूब फोटोसारखं, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली पाटी होती. पाटीवर कैदी क्रमांक. बहिणीने जुन्या कागदांतून काढून दिलेला, पूर्ण.

एकाने हातातला कप खाली ठेवला.

‘‘ही पाटी कशाला?’’ सचिवांनी विचारलं.

‘‘फोटोत आहे. तुम्हीच दिलात फोटो.’’

‘‘मग पाटी काढून टाका!’’

‘‘पाटी काढली तर तोंड का मिटलंय ते कसं कळणार? ते त्यांनी आपणहून मिटलं नव्हतं, साहेब. मान धरून मिटवलं होतं. तेच पुन्हा करायचं असेल तर करा, पण माझ्या हातून होणार नाही. दोन्हींतला कुठला ते तुम्ही ठरवा.’’

सचिवांचे कान लाल झाले. त्यांनी शेजारी बसलेल्या दुसऱ्या कोरणाऱ्याला विचारलं, ‘‘तुम्ही कराल का हे दुरुस्त?’’

तो वीस वर्षं भिंगबाईच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. भिंगबाईशी त्याचं फारसं पटायचंही नाही. तो म्हणाला, ‘‘माझे डोळे आलेत.’’

त्याचे डोळे चांगले स्वच्छ होते.

साहेब घसा खाकरून म्हणाले, की ठसा तयार व्हायला चाळीस दिवस लागतात आणि समारंभाला पन्नास उरलेत. समितीतल्या एका म्हाताऱ्या सभासदांनी हसणाऱ्या चकतीकडे बोट दाखवलं. ‘‘हीच करा. मी यांचं भाषण ऐकलंय. अशाच दिसायच्या.’’ बाकीच्यांनी घड्याळं पाहिली आणि माना हलवल्या.

आठवड्याभरात भिंगबाईला मेमो आला. वरिष्ठांसमोर उद्धट वर्तन, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. निवृत्तीनंतरची दोन वर्षांची मुदतवाढ जवळपास नक्की होती, तीही आता लटकली. नवरा बसचालक म्हणून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो म्हणाला, ‘‘दोन ओळी लिहून टाक ना. दिलगीर आहे म्हणून. तुझं काय जातंय?’’

‘‘दोन ओळीच लिहिते,’’ ती म्हणाली.

तिने लिहिलं: ‘नमुना मूळ व्यक्तीसारखा झाला आहे. त्याबद्दल मला दिलगिरी वाटत नाही.’

नवऱ्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि पाकिटाला डिंक लावून दिला.

मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या दिवशी तिने टेबल पुसलं आणि चावी साहेबांच्या हातात दिली. साहेब पुटपुटले, ‘‘मी प्रयत्न केला होता, बाई.’’ ‘‘दिसला नाही,’’ ती म्हणाली, पण रागाने नाही. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ सोडून ती रडली. चौतीस वर्षं काही थोडी नव्हती.

प्रकाशन समारंभाचं आमंत्रण तिला पाठवायचं राहून गेलं, असं नंतर सांगण्यात आलं. आत्याच्या बहिणीला दोन पत्रिका होत्या. दारावरच्या माणसाने दुसऱ्या पत्रिकेवर कोण असं विचारलं, तेव्हा बहीण म्हणाली, ‘‘आमच्या घरातलीच आहे.’’

भाषणं लांबली. मग पडद्यावर नाण्याचं मोठं चित्र आलं. मागच्या रांगांत धुलाईतल्या जुन्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक आधी फिसकन हसली, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खी रांग खदखदू लागली. व्यासपीठावरचे पाहुणे गोंधळले. हसावं की उभं राहावं, त्यांना कळेना. बहिणीने भिंगबाईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

चहाच्या वेळी सचिव समोर आले. सभ्यपणे नमस्कार करून म्हणाले, ‘‘तरी बाई, मिटलेलं तोंडच जास्त शोभलं असतं.’’

‘‘तुमचं नाणं निघेल तेव्हा कळवा,’’ भिंगबाई म्हणाली. ‘‘तुमचं नक्की मिटवून देईन.’’

पुढच्या महिन्यापासून ती बहिणीकडे दर गुरुवारी जाऊ लागली. आत्याच्या ट्रंकेत तुरुंगातून लिहिलेली चाळीसएक पत्रं होती. अक्षर फार बारीक, बहिणीला आता दिसत नव्हतं. भिंगबाई वाचायची आणि बहीण मध्येच थांबवून सांगायची, ‘‘हे ‘मी मजेत आहे’ खोटं लिहिलंय तिने. तिला त्या दिवशी ताप होता.’’